भिंतीवरून गॅलरीत: रस्त्यावर रंगवणाऱ्यांनी पहिलं प्रदर्शन कसं उभं करायचं

गॅलरीतून फोन येतो, तुमच्या भिंती बघितल्या, आमच्याकडे शो कराल का, आणि दुसऱ्याच दिवशी माणूस दहा-बारा कॅनव्हास आणून टाकतो आणि भिंतीवर जे करतो तेच छोटं करून त्यावर मारायला लागतो. हे मी इतक्यांदा बघितलंय की आता कोणी शो मिळाल्याचं सांगितलं तर अभिनंदन झाल्यावर माझं पहिलं वाक्य हेच असतं, कॅनव्हास आत्ताच घेऊ नकोस. मी स्वतः रंगवत नाही, मी प्रदर्शनं लावते, म्हणजे पॅकिंग उघडण्यापासून ते शेवटचा खिळा काढेपर्यंतचं सगळं, आणि रस्त्यावर काम करणारी ही मंडळी मला मनापासून जवळची वाटतात म्हणून हे सविस्तर लिहितेय. ज्यांच्या भिंतीसमोर लोक चालता चालता थबकतात त्यांचीच कामं आत आल्यावर एकदम गप्प होतात, तेव्हा फार वाईट वाटतं. आणि दरवेळी कारण तेच निघतं, भिंत उचलून आत आणायला गेलेले असतात. भिंत काही आत येत नाही. तिच्यातलं काय येऊ शकतं ते आधी शोधायचं आणि त्या खोलीसाठी काम नव्याने करायचं, बाकी सगळं त्याच्या मागून.

पहिला आठवडा: रंगाला हात लावू नका

आपल्या सगळ्यात आवडत्या पाच भिंतींचे फोटो प्रिंट करून समोर मांडा आणि प्रत्येकाखाली लिहा की यातलं अर्धं काम तुमच्याशिवाय कोणी केलं. जागेने केलं का, म्हणजे तो पाइप, ती खिडकी, तो कोपरा तिथे नसता तर चित्र झालंच नसतं? आकाराने केलं का, माणूस समोर उभा राहिला की मुंगीएवढा दिसायचा? वेगाने केलं का, वीस मिनिटांत उरकलेलं ते प्रत्येक रेषेत दिसतंय? की ऊनपावसाने केलं, वरचा थर उडाला आणि खालचं कुणाचं तरी जुनं काम डोकवायला लागलं? प्रामाणिकपणे लिहा. माझ्या ओळखीची एक मुलगी बंद दारांवर कुलपांभोवती पक्षी काढायची, कुलूप म्हणजे पक्ष्याचं पोट. शोसाठी तिने कॅनव्हासवर पक्षी काढले आणि ते नुसते पक्षी झाले, छान पण कुठलेही. मग तिने भंगारातून जुन्या फळ्या, कड्या, गंजलेली कुलपं गोळा केली, पक्षी परत कुलपावर बसले आणि तेव्हा कुठे काम बोलायला लागलं. कुलूप अर्धं काम करत होतं हे तिला माहीतच नव्हतं, कारण रस्त्यावर ते फुकट मिळत होतं.

मोठ्या लोकांनी हा प्रश्न कसा सोडवला ते बघणं फार उपयोगाचं आहे. कीथ हेरिंग हा अमेरिकन चित्रकार १९८० पासून न्यूयॉर्कच्या सबवेत म्हणजे भुयारी रेल्वेत काढायचा, जाहिरातीच्या रिकाम्या चौकटींवर काळा कागद लावलेला असायचा त्यावर पांढऱ्या खडूने, झटपट, येणारेजाणारे बघत असताना. १९८२ मध्ये टोनी शाफ्राझीच्या गॅलरीत त्याचं मोठं प्रदर्शन झालं तेव्हा त्याने काय सबवेतले काळे कागद नेऊन टांगले नाहीत, त्याने व्हायनिलच्या ताडपत्र्या घेतल्या, कडेला धातूच्या भोकांच्या, आणि त्यावर त्याच सलग न उचललेल्या रेषेत काम केलं. खडू गेला, काळा कागद गेला, पण रेषेचा वेग आणि वस्तूचा रोखठोकपणा राहिला. खडूची चित्रं त्याने पुढे १९८५ च्या सुमारास थांबवली, कारण लोक ती काढून नेऊन विकायला लागले होते.

इन्व्हेडर नावाचा फ्रेंच कलाकार, जो जुन्या व्हिडिओ गेममधले स्पेस इन्व्हेडर टाइल्सने बनवून भिंतींवर चिकटवतो, त्याने वेगळीच वाट काढली. रस्त्यावरचं मोझेक रस्त्यावरच राहतं आणि त्या प्रत्येकाचा एकच जुळा भाऊ तो पॅनलवर बनवतो, त्याला तो एलियस म्हणतो, गॅलरीत किंवा संग्रहात जातो तो जुळा. व्हिल्स हा पोर्तुगीज कलाकार भिंती छिन्नीने आणि ड्रिलने कोरून चेहरे काढतो, आत येताना त्याने रस्त्यावरचं सामानच घेतलं, जुनी लाकडी दारं, थरावर थर चढलेली जाहिरातींची पोस्टर्स, आणि ती सोलून तेच चेहरे काढले. स्वून या अमेरिकन कलाकार बाईची कागदी कटआउट्स भिंतींवर चिकटलेली, हळूहळू फाटत जाणारी असतात. २०१४ मध्ये ब्रुकलिन म्युझियममध्ये तिने मध्यभागी घुमटाकडे चढत जाणारं एक झाड उभं केलं आणि ज्या तराफ्यांवरून ती आणि तिचे सोबती २००९ मध्ये समुद्रातून व्हेनिसला गेले होते त्यातले तराफे त्याच्याखाली ठेवले. तिघांनीही आधी ठरवलं होतं की आपलं नक्की काय आहे, वस्तू, सामान की सगळा प्रवास. तुम्हालाही त्या पाच फोटोंखालच्या मजकुरातून हेच मिळायला पाहिजे, आणि ते मिळेपर्यंत गॅलरीला तारीख देऊ नका, थांबतात ते.

आणि भिंत कापून आणायचा विचार कोणी सुचवला तर सरळ नाही म्हणा. २०१३ मध्ये लंडनमधल्या एका दुकानाच्या भिंतीवरचं बँक्सी या ओळख लपवून रंगवणाऱ्या कलाकाराचं काम कापून मायामीच्या लिलावात गेलं, वस्तीतले लोक इतके चिडले की ते लिलावातून मागे घ्यावं लागलं. २०१६ मध्ये इटलीत बोलोन्याला एका प्रदर्शनासाठी भिंतींवरची कामं काढून नेली, त्यात ब्लू नावाच्या कलाकाराचीही होती, तर त्याने सोबत्यांना घेऊन शहरातली स्वतःची उरलेली सगळी म्युरल्स करड्या रंगाने पुसून टाकली. वर्षानुवर्षांचं काम. मला ते वाचून पोटात कालवलं होतं, पण त्याचं चुकलं असं एकदाही वाटलं नाही.

कशावर रंगवायचं

आता सामान. सिमेंट किंवा विटेची भिंत रंग पिते, प्रायमर लावलेला कॅनव्हास पीत नाही, त्यामुळे हाताला जी सवय आहे त्या अंतराने आणि त्याच सावकाशीने स्प्रेचा कॅन फिरवला की कॅनव्हासवर ओघळ येतात. शिवाय ताणलेला कॅनव्हास मधे नाचतो, स्टेन्सिल टेकवलं की तो मागे जातो आणि कडा फुटतात. म्हणून पहिल्या शोला मी बहुतेकांना लाकडी पॅनल सुचवते, मागे चौकट ठोकलेला चांगल्या प्लायचा, सगळ्या बाजूंनी सील केलेला, प्रायमरचे दोन-तीन हात दिलेला आणि मधे मधे बारीक पॉलिश पेपरने घासलेला. कडक असतो, भिंतीसारखा हाताला उलट दाब देतो, वाटल्यास त्यावर खरवडता येतं. कॅनव्हासच हवा असेल तर तो आधी भिंतीवर किंवा बोर्डवर सपाट स्टेपल करून रंगवा आणि वाळल्यावर फ्रेमवर ताणा.

एक बारीक गोष्ट जी कोणी सांगत नाही. भिंतीवर तुमची रेष खांद्यापासून निघते, अख्खा हात फिरतो, आणि कॅनव्हासची कड जवळ आली की हात आपोआप अडखळतो, रेष कडेच्या दोन बोटं आधी दबकते. मग काम बघितलं की काहीतरी आखडलेलं वाटतं पण काय ते कळत नाही. यावर उपाय असा की पॅनलच्या मागे चारही बाजूंना हातभर मोठं प्लास्टिक लावा आणि रेष प्लास्टिकवर सुरू करून पॅनलवरून नेऊन पलीकडे प्लास्टिकवरच संपवा. कॅनचा पहिला फुसका थुंकारा पण बाहेर पडतो आणि रेष भरधाव आत येते. एवढ्या एका गोष्टीने एका मुलाचं अख्खं काम सुटलेलं मी समोर बसून बघितलंय, सकाळी केलेलं पॅनल आणि दुपारी केलेलं पॅनल दोन वेगळ्या माणसांची वाटत होती.

लहान आकारासाठी कमी प्रेशरचे कॅन आणि बारीक कॅप म्हणजे तोटी घ्या, जाड फवाऱ्याची फॅट कॅप फक्त भरायला. स्टेन्सिल करणाऱ्यांनी लक्षात ठेवा, भिंतीच्या खडबडीत पोतात जो फुटलेला काठ लपतो तो इथे हातभर अंतरावरून दिसणार, त्यामुळे पुठ्ठ्याऐवजी मायलरची म्हणजे पातळ कडक प्लास्टिकची शीट, मागून परत निघणारा गोंद, कॅन काटकोनात, आणि एका जाड हाताऐवजी चार पातळ हात. पेस्ट-अप करणाऱ्यांसाठी, म्हणजे कागदावरचं काम खळीने भिंतीला चिकटवणाऱ्यांसाठी: पिठाची खळ आणि न्यूजप्रिंट रस्त्यावर मस्त, कारण तिथे ते मरणारच असतं, पण जे काम कोणी विकत घेणार आहे ते पिवळं पडून आणि किडीने खाऊन जाता कामा नये. तिथे ॲसिड-फ्री कागद आणि मिथाइल सेल्युलोजची किंवा शुद्ध स्टार्चची खळ. आणि जे काम मुद्दाम मरणारं म्हणूनच केलंय ते विकू नका, तिथेच भिंतीला चिकटवा आणि बाजूला तसं लिहा.

व्हार्निश मारायच्या आधी त्याच रंगाच्या तुकड्यावर करून बघा, काही सॉल्व्हंटवाली, म्हणजे रंग विरघळवणारं रसायन असलेली व्हार्निशं खालचा स्प्रे परत मऊ करतात आणि काळी रेष पांढऱ्यात पसरते.

आणि मास्क. बाहेर वारा असतो म्हणून वर्षानुवर्षं तोंडाला रुमाल बांधून काम केलेलं असतं, तीच सवय घेऊन लोक बंद खोलीत महिनाभर शोचं काम करतात. रुमाल आणि धुळीचा साधा मास्क सॉल्व्हंटची वाफ अजिबात अडवत नाहीत. ऑरगॅनिक व्हेपरचं कार्ट्रिज असलेला, पुढे बारीक कणांचा फिल्टर असलेला रेस्पिरेटर घ्या, कार्ट्रिज वेळच्या वेळी बदला, वास यायची वाट बघू नका, हवा बाहेर फेकणारा पंखा लावा, जवळपास ज्योत किंवा ठिणगी नको. यात काटकसर करू नका, कृपा करून.

वाळलंय असं वाटतं तेव्हा वाळलेलं नसतं

हे मी स्वतः भोगलंय. एका शोच्या आदल्या दिवशी सात पॅनल आली, बबल रॅपमध्ये छान गुंडाळलेली, टेपने घट्ट. पहिलं उघडलं तर एका बाईचा मोठा चेहरा होता, गुळगुळीत काळ्या पार्श्वभूमीवर, आणि त्या सगळ्या चेहऱ्यावर आणि काळ्यावर गोल गोल ठसे, एकसारखे, रांगेत, उजेड तिरका पडला की देवी आल्यासारखे. रंग चार दिवसांपूर्वीचा होता. बोटाला अर्ध्या तासात कोरडा लागला होता पण जाड थराच्या आत सॉल्व्हंट अजून होतं, म्हणजे रंग मऊच होता, आणि प्रवासात बुडबुडे त्यात रुतले. सातपैकी पाच कामं गेली. चित्रकार त्या पॅनलपुढे जमिनीवर बसून राहिला, आणि मला त्याला काय बोलावं सुचेना.

तेव्हापासून माझा नियम: शेवटचा स्प्रे आणि पॅकिंग यात किमान दोन आठवडे, जाड थर असतील तर तीन-चार. पॅक करताना रंगाच्या बाजूला आधी ग्लासिन म्हणजे गुळगुळीत, सहसा न चिकटणारा कागद, मग चार कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे कोपरे म्हणजे पृष्ठभागाला काही टेकतच नाही, आणि बबल रॅप सगळ्यात बाहेरून, बुडबुडे बाहेरच्या बाजूला. दोन कामं समोरासमोर तोंड करून कधीच ठेवू नका. पॅक करण्याआधी प्रत्येक कामाचे समोरून, मागून आणि चारही कोपऱ्यांचे फोटो, तारखेसकट, आणि गॅलरीत उघडल्यावर त्यांच्यासमोर परत तेच. याला कंडिशन रिपोर्ट म्हणतात, नाव जड आहे पण काम दहा मिनिटांचं, आणि कोपरा कोणाकडे ठेचला हा वाद तिथेच संपतो.

खोली

खोली स्वतः जाऊन बघा, फोटोवर भरवसा नको. मापं घ्या, दार कुठे, आत शिरल्यावर नजर पहिली कुठे जाते, स्विचबोर्ड कुठे, भिंत विटेची की जिप्समची, कारण त्यावर स्क्रू किती वजन धरणार ते ठरतं. घरी येऊन पुठ्ठ्याचं छोटं मॉडेल करा, एक मीटरला पाच सेंटिमीटर, आणि कामांच्या छोट्या प्रिंट त्यात चिकटवून हलवत बसा. हा वेळ वाया जात नाही. जवळजवळ प्रत्येक जण मॉडेलमध्ये दोन-चार कामं काढून टाकतो, आणि काढावीतच.

गॅलरीत साधारणपणे चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर ठेवतात, सरासरी डोळ्याची उंची म्हणून. सगळी कामं त्या रेषेत लावली की शो नीट दिसतो, पण रस्त्यावर आपण कुठे सगळं डोळ्यासमोर बघतो? काही छताजवळ असतं, काही गटाराच्या जाळीपाशी. तर बहुतेक कामं त्या रेषेवर ठेवा आणि एखाद-दोन मुद्दाम खाली किंवा खूप वर, पण का, याचं उत्तर तुमच्याकडे असलं तरच. मोठ्या पॅनलला मागे दोन डी-रिंग म्हणजे D आकाराच्या कड्या आणि भिंतीत दोन हूक, एका तारेवर लटकवलं की ते कलतं आणि रोज सकाळी कोणीतरी सरळ करत बसतं.

उजेडाला ९० च्या वर सीआरआय असलेले दिवे मागा, सीआरआय म्हणजे दिव्यात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, नाहीतर रंग मळकट दिसतात. कागदावरच्या कामावर ५० लक्सच्या आसपास (लक्स हे उजेडाचं माप), रंगवलेल्या पॅनलवर २०० पर्यंत चालतं, फोनवरच्या ॲपने अंदाज येतो.

एक गोष्ट मी फार कळकळीने सांगते, खोट्या रस्त्याचा सेट उभा करू नका. विटांचा वॉलपेपर, आणून ठेवलेला कचऱ्याचा डबा, पिवळा दिवा, मोठ्याने गाणी. बघणाऱ्याला कळतं की हे नाटक आहे आणि मग त्याला कामही नाटकच वाटायला लागतं. रस्ता आणायचाच असेल तर त्याची नोंद आणा. न्यूयॉर्कच्या ज्या रंगवलेल्या ट्रेन धुवून टाकल्या त्या आज आपल्याला माहीत आहेत त्या मुख्यतः मार्था कूपर आणि हेन्री चॅलफंट यांच्या फोटोंमुळे. तुमच्या भिंतींचे फोटो तसे काढा, एक लांबून माणसांसकट, एक अगदी समोरून, एक नाक लावून, आणि तीच भिंत महिन्याने आणि वर्षाने परत. ती रांग गॅलरीत एका बाजूला लावली की खूप काही सांगते. फोटो दुसऱ्याने काढले असतील तर परवानगी आणि नाव दोन्ही हवं.

स्केचबुक पण ठेवा, काचेखाली उघडून. ग्राफिटीवाले ज्याला ब्लॅकबुक म्हणतात त्या वह्या मार्टिन वाँग या चित्रकाराने त्या काळात जमवल्या, मित्रांची कॅनव्हासवरची कामंही जमवली, आणि १९९४ मध्ये तो सगळा संग्रह न्यूयॉर्क शहराच्या म्युझियमला देऊन टाकला. कोणी वह्या जपून ठेवेल असं तेव्हा कुणाच्या मनातही आलं नसेल. मी बघते, शोमध्ये लोक सगळ्यात जास्त वेळ वहीपाशीच उभे असतात.

गॅलरीच्या भिंतीवरच थेट म्युरल करणार असाल तर उत्तमच, ते बहुतेक वेळा शोचा प्राण होतं. फक्त ओपनिंगच्या निदान तीन दिवस आधी संपवा म्हणजे वास जाईल, वरच्या मजल्यावर कोण असतं ते विचारा, आणि शो संपल्यावर त्याचं काय होणार ते आधीच लेखी ठरवा.

कागदपत्रं, ज्यात सगळे फसतात

रस्त्यावरच्या मैत्रीत सगळं तोंडी चालतं, इथे नको. गॅलरी काम विकत घेत नाही, विकण्यासाठी ठेवून घेते, म्हणजे कन्साइनमेंट, आणि विकलं गेलं की तिचा वाटा कापते, तो बऱ्याचदा चाळीस ते पन्नास टक्के असतो. ऐकून धक्का बसतो पण गॅलरी खरंच काम करत असेल तर तो वाजवी आहे. करारात ह्या गोष्टी शोधा, नसतील तर घालायला लावा: कुठली कामं, प्रत्येकाची किंमत, सूट द्यायची झाली तर ती कोणाच्या वाट्यातून, फ्रेम, वाहतूक, विमा कोण भरणार आणि विमा काम तुमच्या दारातून निघाल्यापासून परत येईपर्यंत आहे का, विकल्यावर किती दिवसांत पैसे, न विकलेलं किती दिवसांत परत, कॉपीराइट तुमचाच राहणार आणि गॅलरी फोटो कशाकशासाठी वापरू शकते. एका ठिकाणी पैशाची तारीखच लिहिलेली नव्हती आणि माझ्या मित्राला विकल्या गेलेल्या तीन कामांचे पैसे मिळायला अकरा महिने लागले. कोणी फसवायला बसलं होतं असंही नाही, तारीख नव्हती, म्हणून घाई नव्हती.

किंमत आकारावर ठरवा, लांबी-रुंदीची बेरीज गुणिले एक ठरलेला आकडा, म्हणजे सगळ्या कामांत एक सूत्र राहतं, आणि स्टुडिओतून विकलं तरी तीच किंमत ठेवा. मित्राला घरून निम्म्यात दिलं की गॅलरी परत बोलवत नाही. प्रिंट काढत असाल तर संख्या आधी जाहीर करा, ५० म्हणजे ५०, प्रत्येकीवर नंबर आणि सही, नंतर एकही जास्तीची नाही. ज्यांना मोठं काम परवडत नाही त्यांच्यासाठी काहीतरी असायलाच पाहिजे असं मला मनापासून वाटतं, हेरिंगने १९८६ मध्ये पॉप शॉप हे आपल्या चित्रांच्या स्वस्त वस्तूंचं दुकान उघडलं ते याच विचाराने, कारण त्याची चित्रं महाग झाली तरी ज्यांनी ती सबवेत फुकट बघितली ती माणसं तीच होती.

प्रत्येक कामाबरोबर सर्टिफिकेट द्या, फोटो, नाव, वर्ष, सामान, माप, सही, आणि त्याची प्रत स्वतःकडे. बँक्सीच्या नावावर इतकं काही फिरायला लागलं की २००८ मध्ये खरंखोटं सांगायला पेस्ट कंट्रोल नावाची वेगळी संस्थाच काढावी लागली. तुमची वेळ यायची वाट कशाला बघायची, पहिल्या कामापासून वही ठेवा.

आता परवानगीशिवाय केलेल्या भिंती. शेपर्ड फेअरी या अमेरिकन स्ट्रीट आर्टिस्टला फेब्रुवारी २००९ मध्ये बॉस्टनच्या इन्स्टिट्यूट ऑफ कंटेम्पररी आर्टमध्ये स्वतःच्याच प्रदर्शनाच्या ओपनिंगला जाताना वाटेत अटक झाली, ग्राफिटीच्या वॉरंटवर. म्हणून कुठल्या भिंतीचा फोटो तुमच्या खऱ्या नावाखाली लावायचा ते वकिलाशी बोलून ठरवा, मित्राच्या सल्ल्यावर नको. चेहरा आणि नाव लपवायचं असेल तर ते गॅलरीला पहिल्या भेटीतच सांगा, पैसे कोणाच्या नावावर येणार, ओपनिंगला तुमच्या वतीने कोण बोलणार, फोटो कोण काढणार नाही. ओपनिंगच्या रात्री हे ठरवता येत नाही.

आणि कायदेशीर भिंत असली तरी नोंद ठेवाच. न्यूयॉर्कमधल्या फाइव्ह पॉइंट्झ या इमारतीवर मालकाच्या परवानगीने वर्षानुवर्षं रंगवलं जात होतं, २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये मालकाने एका रात्रीत सगळं पांढरं करून टाकलं, कलाकारांना सूचना न देता. ते कोर्टात गेले आणि २०१८ मध्ये २१ कलाकारांना मिळून ६७.५ लाख डॉलर भरपाई मिळाली, २०२० मध्ये वरच्या कोर्टानेही तो निकाल कायम ठेवला. पुसलेली भिंत कोर्टात दाखवता येत नाही, नोंद दाखवता येते.

लिहायचं काय आणि बोलवायचं कोणाला

स्टेटमेंट स्वतः लिहा, दीडशे शब्द पुरे. दुसऱ्याकडून लिहून घेतलं की त्यात असे शब्द येतात जे तुम्ही आयुष्यात बोलला नाहीत, आणि ओपनिंगला कोणी त्याचा अर्थ विचारला की पंचाईत. मोठ्याने वाचून बघा, जिथे जीभ अडते ते वाक्य काढा. लेबलवर नाव, वर्ष, सामान, माप, बस.

घाईही करू नका. न्यूयॉर्कच्या ग्राफिटीवाल्यांनी १९७३ मध्येच रेझर गॅलरीत कॅनव्हास दाखवले होते, १९७९ मध्ये ली किन्योनेस आणि फॅब फाइव्ह फ्रेडी यांची कामं रोमच्या एका गॅलरीत लागली, १९८१ मध्ये फन गॅलरी निघाली, १९८३ च्या डिसेंबरमध्ये सिडनी जॅनिससारख्या जुन्या नावाजलेल्या गॅलरीत ग्राफिटीवाल्यांचा शो झाला, आणि १९८५ मध्ये फन गॅलरी बंदसुद्धा झाली. गॅलरीवाल्यांची आवड अशी येते आणि जाते. त्या काळात लेडी पिंक, फ्युचुरा, ली ही मंडळी टिकली, आजही काम करतायत, कारण गॅलरीतल्या कामातही त्यांचा स्वतःचा सूर होता. एका वर्षात तीन शो मागितले तर एक करा.

ओपनिंगला नेहमीची यादी गॅलरी बोलवेलच. तुम्ही त्या लोकांना बोलवा ज्यांच्या रस्त्यावर तुमची भिंत आहे, शिडी धरणाऱ्याला, ज्याने गच्चीतून वायर सोडली त्याला, पोस्टर चिकटवताना टॉर्च धरणाऱ्या पोरांना. अशा जागी जायची सवय नसली की लोक दारातूनच आत डोकावून परत जातात, म्हणून नुसता मेसेज नको, फोन करा, वेळ सांगा, आणि दारापाशी तुम्ही स्वतः उभे रहा.

उतरवताना

शो संपला की सगळे दमलेले असतात आणि नेमकं तेव्हाच कामं ठेचकाळतात. लावताना जेवढी माणसं होती तेवढीच उतरवताना हवीत, तेच ग्लासिन, तेच पुठ्ठ्याचे कोपरे, म्हणून पॅकिंगचं सामान फेकू नका, प्रत्येक खोक्यावर कामाचं नाव लिहून ठेवा. कंडिशन रिपोर्ट परत, दोघांच्या सह्या. विकलेल्या आणि न विकलेल्या कामांची यादी त्याच दिवशी जुळवा. भिंतीतली भोकं भरून द्या, गॅलरीवाले लक्षात ठेवतात. भिंतीवरचं म्युरल झाकायचं असेल तर गॅलरीला सांगून रोलर स्वतःच्या हातात मागा, आधी पूर्ण भिंतीचे फोटो, मग हवं तर एखादा तुकडा आवडत्या माणसाला मोबाइलवर शूट करू दे, आणि वरून खाली पांढरा फिरवा. तिथे कॅनव्हासवर काम करणारे बरेच जण बाहेर जाऊन उभे राहतात, पण भिंतीवाल्यांना हे जमतं, त्यांनी आपली कामं जाताना आधीही बघितलेली असतात.